प्रेडनिसोलोनचे लायपोसोम आणि सुजलेला सांधा: लक्ष्यित औषधवहनाचे एक प्रकरण

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस भडकला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही तासांत आराम देते. औषध चांगले आहे, पण ते सांध्यापुरते थांबत नाही. तोंडावाटे घ्या नाहीतर शिरेतून, ते सगळ्या अंगात पसरते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण 2 ते 4 तासांत निम्म्यावर येते. सांध्यात पुरेसे औषध टिकावे म्हणून डोस वाढवला, तर हाडे ठिसूळ होणे, साखर चढणे, मोतीबिंदू, अधिवृक्क ग्रंथी मंदावणे हे सगळे मागोमाग येते. म्हणूनच आजच्या उपचारपद्धतीत स्टेरॉइड थोड्या काळासाठी वापरून शक्य तितक्या लवकर बंद करायचे असते आणि मूळ भार आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या औषधावर टाकायचा असतो.

या अडचणीवर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात योस्बर्ट मेट्सेलार, खेर्ट स्टॉर्म आणि सहकाऱ्यांनी एक उपाय करून पाहिला. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये ‘आर्थ्रायटिस अँड रुमॅटिझम’ या नियतकालिकात आले. प्रेडनिसोलोन फॉस्फेट हे त्याचे लवण सुमारे 100 नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीसदृश रेणूंच्या (लिपिडांच्या) पोकळ, आत पाणी असलेल्या गोळ्यांमध्ये भरले; त्यांवर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या पाणीप्रिय साखळीचे आवरण होते; आणि संधिदाह झालेल्या रॅटना शिरेतून एकदाच दिले. डोस होता किलोमागे 10 मिलिग्रॅम. सूज पूर्ण उतरली आणि जवळजवळ आठवडाभर उतरलेलीच राहिली. तेवढेच औषध मोकळ्या रूपात एकदा दिले, तेव्हा सूज कमी झाली नाही. मोकळे औषध रोज टोचले तरी फरक किरकोळच पडला.

नॅनोकणांवरच्या शेकडो शोधनिबंधांतून हे प्रकरण अभ्यासाला निवडण्याचे कारण असे की यात कणावर ठरावीक पेशीला जाऊन चिकटणारी कोणतीही खास ‘चावी’ लावलेली नाही. फोलेट नाही, पेप्टाइड नाही, अँटिबॉडी नाही. तरीही औषध सांध्यात पोचले. ते का पोचले आणि पुढे माणसात गाडी कुठे अडली, हे नीट पाहिले तर या क्षेत्रातल्या बऱ्याच दाव्यांची पारख करता येते.

सांध्यात कण का थांबतात

निरोगी सांध्याचे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, पातळ असते. आमवातात ते जाड होते, त्यात मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी) आणि लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि भराभर नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या वाहिन्यांच्या पेशींमधल्या फटी रुंद असतात. निरोगी स्नायूतल्या वाहिनीतून 100 नॅनोमीटरचा कण सहसा बाहेर पडत नाही, सुजलेल्या सायनोव्हियममध्ये मात्र पडतो. बाहेर पडल्यावर तिथले मॅक्रोफेज त्याला गिळतात, आणि गिळलेला कण परत रक्तात जात नाही. गळती आणि गिळणे या दोन्ही गोष्टी लागतात. गाठीच्या कर्करोगात कण साठतात ते मुख्यतः गळतीमुळे आणि लसिकांचा निचरा बिघडल्यामुळे. सांध्यात लसिकांचा निचरा चालू असतो, त्यामुळे इथे गिळणाऱ्या पेशी नसत्या तर कण धुऊन निघाले असते.

माणसाच्या सांध्यातही हे घडते, याचा पुरावा बराच जुना आहे. टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने चिन्हांकित केलेले लायपोसोम आमवाताच्या रुग्णांच्या सायनोव्हियममध्ये साठतात, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1987 मध्येच नोंदवले होते.

इथे एक हिशेब मात्र ध्यानात ठेवावा लागतो. दिलेल्या डोसचा मोठा वाटा शेवटी यकृत आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेजकडेच जातो. ‘लक्ष्यित’ याचा अर्थ सगळे औषध सांध्यात गेले असा होत नाही. मोकळ्या औषधाच्या तुलनेत सांध्यात कितीतरी पट जास्त गेले आणि जास्त काळ टिकले, एवढाच त्याचा अर्थ. सांध्याला हा वाटा मिळण्यासाठी कण रक्तात दिवसभर तरी फिरत राहिला पाहिजे, कारण रक्ताच्या प्रत्येक फेरीत गळतीतून थोडेच कण निसटतात. पीईजीचे आवरण त्यासाठी असते. रक्तातली प्रथिने कणाला चिकटण्याचा वेग ते कमी करते आणि यकृताची पकड लांबवते.

कण कसा बनतो आणि कुठे बिघडतो

उट्रेख्तच्या कृतीत तीन लिपिड आहेत: डीपीपीसी हे फॉस्फोलिपिड, पीईजी-2000 जोडलेले डीएसपीई हे दुसरे फॉस्फोलिपिड, आणि कोलेस्टेरॉल. त्यांचे मोल-प्रमाण 1.85 : 0.15 : 1.0 असे आहे. म्हणजे एकूण लिपिडात पीईजी-लिपिड 5 टक्के आणि कोलेस्टेरॉल एक-तृतीयांश. 10 मिलिलिटरच्या बॅचमध्ये मिलिलिटरमागे 60 मायक्रोमोल फॉस्फोलिपिड हवे असेल, तर डीपीपीसी सुमारे 407 मिलिग्रॅम, पीईजी-डीएसपीई सुमारे 126 मिलिग्रॅम आणि कोलेस्टेरॉल 116 मिलिग्रॅम तोलावे लागते. औषधाचे पाण्यातले द्रावण मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे बॅचला 1 ग्रॅम.

साधे प्रेडनिसोलोन न घेता त्याचे फॉस्फेट लवण घेतले, यातच अर्धे यश आहे. साधे प्रेडनिसोलोन चरबीत विरघळते. ते लिपिडच्या थरात शिरते आणि रक्तात गेल्यावर तितक्याच सहज बाहेर पडते. मग रक्तात फिरत राहतो तो रिकामा कण. फॉस्फेट लवण विद्युतभारित असते, म्हणून लिपिडचा थर ओलांडत नाही आणि आतल्या पाण्यात अडकून राहते. मॅक्रोफेजने कण गिळून फोडला की पेशीतली फॉस्फेटेज विकरे फॉस्फेट तोडतात आणि खरे औषध तिथेच मोकळे होते. डोस लिहिताना मात्र काळजी घ्यावी लागते. लवणाचा रेणुभार 484 आणि प्रेडनिसोलोनचा 360, म्हणजे 100 मिलिग्रॅम लवणात खरे औषध 74 मिलिग्रॅमच असते. तुलनेचे दोन डोस एकाच मापात मांडलेले नसतील, तर निष्कर्ष पाऊण-एकच्या फरकाने चुकतो.

पहिली पायरी फिल्मची. तिन्ही लिपिडे सेंद्रिय द्रावकात विरघळवून गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्यायची आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवायचे. फिल्म पातळ आणि सारखी बसली पाहिजे. लहान फ्लास्क घेतला की बुडाशी जाड थर बसतो, पाणी आतपर्यंत शिरत नाही आणि गुठळ्या राहतात. नंतर नायट्रोजनच्या झोताखाली फिल्म पूर्ण वाळवायची. द्रावकाचा अंश उरला तर पुढे थर गळका होतो.

मग औषधाच्या कोमट द्रावणाने फिल्म भिजवायची. डीपीपीसी 41 अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून प्रवाही अवस्थेत जाते, म्हणून भिजवणे आणि पुढचे गाळणे दोन्ही 50 ते 60 अंशांवर करायचे. एक्स्ट्रूडरचे, म्हणजे लायपोसोम दाबाने गाळणीतून ढकलणाऱ्या यंत्राचे, धातूचे अंग आधी तापवून घेतले नाही, तर लिपिड आत जाताक्षणी घट्ट होते, दाब चढत जातो आणि गाळणी फाटते. फाटलेली गाळणी कळते ती दाब अचानक उतरल्यावर. त्या वेळी पुढे गेलेला माल बाजूला काढून नव्या गाळणीतून पुन्हा घ्यावा लागतो.

पॉलिकार्बोनेटच्या गाळण्या मोठ्या छिद्रांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने लहान करायच्या. शेवटची 50 नॅनोमीटरची. तरी हाती येणारा कण 90 ते 100 नॅनोमीटरचा असतो, कारण लायपोसोम दाबाखाली लांबट होऊन छिद्रातून सरकतात. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत, आकाराची विखुरण, म्हणजे पीडीआय, 0.1 च्या आत हवी. ती 0.2 च्या वर असेल तर बॅच पुढे नेऊ नये. सरासरी आकार बरोबर दिसला तरी मोठ्या कणांचे शेपूट आधी यकृत-प्लीहेत जाते आणि त्या कणांसोबत औषधाचा अप्रमाण मोठा वाटा जातो, कारण कणाच्या पोटातली जागा व्यासाच्या घनाने वाढते.

आत अडकणारे औषध थोडेच असते. तयार बॅचमध्ये मिलिलिटरला सुमारे 4 मिलिग्रॅम, म्हणजे घातलेल्या 1 ग्रॅमपैकी 4 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा पाहून नवखा माणूस कृती बिघडली असे समजतो. पण एवढ्या लिपिडातल्या 100 नॅनोमीटरच्या कणांच्या पोटात एकूण द्रावणाचा तेवढाच भाग मावतो. उरलेले 96 टक्के बाहेर राहते आणि ते काढून टाकणे ही सगळ्यांत निर्णायक पायरी आहे.

ते काढायचे डायलिसिसने: 10 किलोडाल्टनची पिशवी, 4 अंश सेल्सिअस, बाहेर 0.9 टक्के सलाइन. आकडे मांडले की कंटाळा किती महाग पडतो ते कळते. 10 मिलिलिटर माल 1 लिटर सलाइनमध्ये ठेवला, तर पहिल्या समतोलाला मोकळे औषध मिलिलिटरला सुमारे 0.95 मिलिग्रॅम उरते. कणातल्या 4 मिलिग्रॅमसमोर हे फार आहे, एकूण औषधाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सलाइन एकदा बदलले की ते 0.01 च्या आत येते, दुसऱ्यांदा बदलले की नगण्य होते. म्हणून दोन बदल तरी हवेतच, आणि प्रत्येक वेळी समतोल यायला पुरते तास द्यायचे.

याच पायरीवर एक छुपा धोका आहे. मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम लवणाच्या द्रावणाचा ऑस्मोटिक दाब हिशेबाने 600 मिलिऑस्मोलच्या घरात जातो, सलाइनचा त्याच्या निम्मा. पिशवी सलाइनमध्ये ठेवली की पाणी कणांच्या आत घुसू पाहते आणि कण फुगतात. कोलेस्टेरॉल कमी पडलेला किंवा असंपृक्त लिपिडांचा थर इथे फाटतो आणि औषध गळते. संपृक्त डीपीपीसी आणि एक-तृतीयांश कोलेस्टेरॉल हे मिश्रण हा ताण सोसते. बाजारात मिळते म्हणून अंड्याचे लेसिथिन वापरून हीच कृती करू पाहणाऱ्याचे औषध बहुधा याच टप्प्यावर हातातून जाते.

मोजमापातही एक फसगत आहे. फॉस्फोलिपिड मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे नमुना जाळून त्यातले फॉस्फेट मोजणे. पण इथे औषधातही फॉस्फेट आहे. नमुना सरळ जाळला तर औषधाचे फॉस्फेट लिपिडाच्या खात्यात जमा होते. म्हणून आधी क्लोरोफॉर्मने निष्कर्षण करायचे. लिपिड खालच्या सेंद्रिय थरात जाते, औषध वरच्या पाण्याच्या थरात राहते. खालच्या थरावर फॉस्फेटची चाचणी, वरच्या थरावर औषध मोजणारी एचपीएलसी ही चाचणी.

तयार माल 2 ते 8 अंशांवर ठेवायचा. गोठवायचा नाही, कारण बर्फाचे स्फटिक थर फोडतात. शिरेतून देण्याआधी एंडोटॉक्सिन या जिवाणूंच्या विषारी अंशाची तपासणी चुकवता येत नाही. मॅक्रोफेजला चेतवणारा हा अंश बॅचमध्ये असेल, तर दाह कमी करण्याच्या प्रयोगात आपणच दाह टोचत असतो.

रॅटमधला प्रयोग

लुईस जातीच्या रॅटना शेपटीच्या मुळाशी मारलेले क्षयजंतू तेलात कालवून टोचले की साधारण दोन आठवड्यांत पंजे सुजतात. प्रत्येक पंजाला 0 ते 4 गुण, चार पंजांचे मिळून 16. सूज अर्ध्यावर चढल्यावर उपचार द्यायचा, म्हणजे आधीच भडकलेल्या आजारावर औषध तपासले जाते. आजार सुरू होण्याआधी औषध देऊन तो टाळून दाखवणे सोपे असते, आणि दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाशी त्याचा फारसा संबंध नसतो. 200 ग्रॅमच्या रॅटला किलोमागे 10 मिलिग्रॅम म्हणजे 2 मिलिग्रॅम, मिलिलिटरला 4 मिलिग्रॅमच्या मालातून अर्धा मिलिलिटर.

हा आजार रॅटमध्ये शिगेला पोचून पुढे आपोआप ओसरू लागतो. त्यामुळे ‘आठवडाभर सूज नाही’ हे वाक्य त्याच दिवसांच्या अनुपचारित गटाशेजारी ठेवूनच वाचायचे. रिकाम्या लायपोसोमचा गटही लागतो, कारण मॅक्रोफेजला नुसते लिपिड भरवल्यानेही त्यांचे वागणे थोडे बदलू शकते.

या कामाचा सर्वांत मोलाचा भाग मला वाटतो तो दुसऱ्या शक्यता तपासण्याचा. औषध सांध्यात पोचल्यामुळे फरक पडला, की प्लीहेत साठून तिथल्या रोगप्रतिकारक पेशी दबल्यामुळे, की लायपोसोम रक्तातच हळूहळू गळून दिवसेंदिवस थोडे-थोडे प्रेडनिसोलोन पुरवत राहिल्यामुळे? तिन्ही प्रकारे सूज उतरू शकते, आणि शेवटच्या दोन प्रकारांत ‘लक्ष्यित’ हा शब्द खोटा ठरतो. मेट्सेलार यांच्या गटाने या दोन्ही शक्यता तपासून बाद केल्या. सांध्यात चिन्हांकित कण चमकताना दाखवणारे सुंदर चित्र छापून थांबणाऱ्या अनेक निबंधांत हे काम झालेले नसते. पुढे कोलाजेनने संधिदाह घडवलेल्या माइसमध्येही याच गटाला असाच परिणाम मिळाला, आणि लायपोसोम सायनोव्हियमच्या अस्तरातल्या पेशींत दिसले.

मग फोलेटची किंवा आरजीडी पेप्टाइडची चावी कशाला लावायची? चेतलेल्या मॅक्रोफेजवर फोलेट रिसेप्टर-बीटा असतो, नव्या वाहिन्यांवर अल्फा-व्ही बीटा-3 इंटिग्रिन असते, हे खरे. पण चावी कामाला येते ती कण पेशीपर्यंत पोचल्यावर. पोचवण्याचे काम रक्तातला टिकाव आणि गळती हेच करतात. चावी लावल्याने कण यकृताने लवकर उचलला, तर पेशीत शिरण्यात जे कमावले ते वाटेतच गमावले जाते. शिवाय इथले मॅक्रोफेज तसेही अधाशीपणे गिळतात. त्यामुळे चावी लावलेला कण वाचताना आधी एकच गोष्ट शोधावी: त्याच आकाराचा, त्याच लिपिडांचा, चावी नसलेला कण तुलनेला ठेवला आहे का.

माणसात

रॅटचा डोस माणसाला शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने लावताना 6.2 ने भागतात. किलोमागे 10 मिलिग्रॅमचे माणसात सुमारे 1.6 होतात. ॲम्स्टरडॅममध्ये रक्तवाहिन्यांच्या आजारावर याच प्रकारचे लायपोसोम वापरले, तेव्हा किलोमागे 1.5 मिलिग्रॅमला प्रेडनिसोलोनचा रक्तातला अर्धायुकाल, म्हणजे प्रमाण निम्म्यावर येण्याचा काळ, 63 तास भरला. गोळीच्या 2 ते 4 तासांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, औषध दिल्यानंतर काढलेल्या, ओटीपोट-मांडीच्या धमनीतल्या चरबीच्या थरांमधल्या 75 टक्के मॅक्रोफेजमध्ये लायपोसोम सापडले. म्हणजे वहन जवळजवळ आदर्श झाले. तरीही धमनीच्या भिंतीतला दाह कमी झाला नाही. कण पोचला, औषध पोचले, आजार हलला नाही. पोचणे आणि बरे करणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा दाखला सापडणे कठीण.

आमवातात दुसरी कसोटी निदान काही अंशी पार पडली. नेदरलँड्समध्येच सक्रिय आमवाताच्या थोड्या रुग्णांवर लायपोसोमल प्रेडनिसोलोनची एक मात्रा आणि स्नायूत दिलेले मिथाइलप्रेडनिसोलोन यांची तुलना झाली. 2008 मध्ये जाहीर झालेल्या या निष्कर्षांत लायपोसोमचा परिणाम सरस दिसला. सायनोव्हियमच्या दाहात स्टेरॉइड मुळातच प्रभावी आहे, म्हणून इथे वहन सुधारल्याचा फायदा रुग्णाला जाणवतो. ज्या आजारात औषधच दुबळे, तिथे कण कितीही हुशार असून उपयोग नाही.

तरीही हे औषध आमवाताच्या नेहमीच्या उपचारात आले नाही. पहिली मोठी अडचण दुसऱ्या मात्रेची आहे. पीईजी लावलेल्या लायपोसोमची पहिली मात्रा मिळाल्यावर प्लीहेतल्या बी-पेशी पीईजीविरुद्ध आयजीएम अँटिबॉडी बनवतात. साधारण आठवड्याने दुसरी मात्रा दिली, तर ती तासाभरातही यकृतात ओढली जाऊ शकते आणि 63 तासांच्या फेऱ्या संपतात. दुसरी मात्रा अशी झपाट्याने उचलली जाते, हे नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाने 2000 मध्ये प्राण्यांमध्ये दाखवले. लिपिडाची मात्रा कमी असेल तर हा प्रतिसाद जास्त तीव्र असतो, त्यामुळे सावधगिरी म्हणून लहान मात्रा वारंवार देण्याची आपली नेहमीची सवय इथे उलटी पडते. रोज किंवा दर आठवड्याला देण्याऐवजी आजार भडकला की एकदा, पुरेशा मात्रेत, आणि पुढची मात्रा बऱ्याच अंतराने, हीच याची स्वाभाविक जागा.

दुसरी अडचण शिरेतून देण्याच्या वेळेची. काही जणांत लायपोसोममुळे कॉम्प्लिमेंट ही रक्तातल्या प्रथिनांची संरक्षक यंत्रणा चेतते आणि पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, रक्तदाब घसरणे सुरू होते. यावर उपाय म्हणजे ठिबक अगदी संथ सुरू करणे, पहिली 15 मिनिटे जवळ बसून पाहणे, आणि लक्षण दिसताच ठिबक थांबवणे. बहुतेकांना थांबवून अधिक संथ वेगाने पुन्हा सुरू केल्यावर ते सोसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष तपासावी लागेल. क्षयाचे जंतू मॅक्रोफेजमध्येच दबा धरून बसतात, आणि हे लायपोसोम स्टेरॉइड नेमके मॅक्रोफेजमध्येच ओततात, सांध्यातल्या आणि यकृत-प्लीहेतल्याही. महाराष्ट्रात आमवाताच्या रुग्णाला बायोलॉजिक औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करतात. तीच शिस्त एका मात्रेच्या लायपोसोमलाही लावावी, ‘एकच तर इंजेक्शन’ म्हणून सोडून देऊ नये. साखर पहिले काही दिवस रोज पाहावी, कारण औषध रक्तात गोळीपेक्षा कितीतरी जास्त काळ राहते आणि इन्सुलिन घेणाऱ्याचा हिशेब तेवढे दिवस बदललेला असतो.

असे कण बनवण्याचे कसब आपल्याकडे नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या सन फार्माचे पीईजी-लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन 2012 मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा तिथे आयात झाले आणि 2013 मध्ये तिथे जेनेरिक म्हणून मंजूरही झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर भारतीय बनावटीचे काम त्याच्या कितीतरी आधी झाले आहे. प्रेडनिसोलोनच्या बाबतीत कारखान्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. डॉक्सोरुबिसिन कणात आपोआप खेचून भरता येते, 90 टक्क्यांच्या वर आत जाते. प्रेडनिसोलोन फॉस्फेटला ती युक्ती लागू पडत नाही, आणि भिजवताना घातलेल्या औषधातले 96 टक्के डायलिसिसच्या पाण्यात जाते. ते पाणी गोळा करून त्यातले औषध परत मिळवल्याशिवाय एका मात्रेची किंमत मिथाइलप्रेडनिसोलोनच्या साध्या इंजेक्शनच्या जवळपासही आणता येणार नाही.